पासवर्डमधली जिलेबी

आमच्या भोपाळला उन्हाळा सरला की कूलरच्या टाक्या उपसतात. वरून पाणी नितळ दिसतं, पण हात घातला की तळाला बोटभर गाळ! तो रोज थोडा थोडा बसत असतो, कुणाच्या लक्षात येत नाही. नातीच्या अॅडमिशनचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. समोरच्या क्वार्टरमधली सून म्हणाली, "आजी, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." शाळा मी बाहेरूनच पाहिली, पण एकदा कानावर पडलेलं माझ्याकडून हरवत नाही. तर लिही बाई.

* * *

रेवा माझी नात. तिची आई संध्या चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा सुहास सरकारी कचेरीत बाबू आहे. तुलसी नगरच्या क्वार्टरात आम्ही तिघं. सुहास दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार "बघू". रेवाच्या हातात मात्र लहानपणापासून पेचकस, स्क्रू पिळायचा! कुणाचा कूलर बंद पडला की गल्लीत हाक, "रेवा को बुलाओ!" तिला विजेची इंजिनिअर व्हायचं होतं, तेही इंदूरच्या सरकारी कॉलेजात. दुसरं काही तिने आमच्याकडे कधी मागितलंच नाही.

फॉर्म भरायचे जवाहर चौकात, इक्बालच्या दुकानात. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर बाकडं. रेवाने पासवर्ड तळहातावर लिहिला आणि घरी येऊन कूलरची जाळी धुवायला बसली. पासवर्ड गेला नाल्यात! तीनदा चुकीचा टाकला तेव्हा पोर्टलने दिवसभर दार लावून घेतलं.

मी म्हटलं, "पुढचा मला सांग. मी सांभाळते."

अक्षरं मला येत नाहीत, पण ऐकलेलं राहतं. चिन्हांना मात्र मी नावं ठेवली. तो गोल गोल वळलेला ॲट म्हणजे जिलेबी. उभ्या-आडव्या रेघांचा हॅश म्हणजे सुंभाची खाट. तेव्हापासून इक्बाल कीबोर्डवर बोटं ठेवून मलाच विचारायचा, "हाँ अम्मा, जलेबी के बाद क्या?"

बाकड्यावरचे लोक बघायचे. त्यांना वाटायचं, हलवायाची ऑर्डर चाललीय!

* * *

त्याच बाकड्यावर शुक्लाजी भेटले. रिटायर माणूस, मुलाचा फॉर्म स्वतः भरणारा. "आजकल के बच्चे लापरवाह हैं," म्हणायचे, आणि मुलाला कीबोर्डला हात लावू द्यायचे नाहीत. जन्मतारखेच्या जागी त्यांनी सवयीने स्वतःचीच टाकली!

पोर्टल कशाला ऐकतंय? त्याने विचारलं, बारावी झाल्यावर एवढी वर्षं उमेदवार काय करत होता? शपथपत्र जोडा.

इक्बालने वाचून दाखवलं. शुक्लाजी चष्मा काढून बसले. नोकरी, बदल्या, मुलीचं लग्न, सगळं तोंडावरून गेलं त्यांच्या. मग म्हणाले, "लिख दे भाई, कुछ ख़ास नहीं."

आम्ही सगळे हसलो. त्यांचा मुलगा तेवढा हसला नाही.

* * *

मूळ निवासीचा दाखला काढायचा होता. तहसील कचेरीतल्या बाबूने विचारलं, "अम्मा, भोपाल में कब से?"

मी म्हटलं, "हा सुहास कडेवर होता तेव्हापासून." आणि सांगायला लागले. मालक कारखान्यात फिटर, टी. टी. नगरचं क्वार्टर, मागे कडुनिंब, नळाला सकाळी पाणी, शेजारी सक्सेनांची गाय. कुठल्या घरात कोण राहायचं ते ओळीने सांगितलं. बाबूने पेन खाली ठेवून ऐकलं. भला माणूस होता.

मग म्हणाला, "अम्मा, याद नहीं, काग़ज़ चाहिए. वो मकान ही दिखा दो."

मी म्हटलं, "कुठून दाखवू? सरकारनेच तर पाडलं!"

दाखला मिळाला शेवटी, सुहासच्या नोकरीच्या कागदावर. माझं नाव त्यात कुठेच नाही. घरी येताना रिक्षा त्याच रस्त्याने आली. कडुनिंबही गेलाय.

* * *

फॉर्मात आईचा रकाना होता. नाव भरलं. खाली आईचा पेशा. इक्बाल म्हणाला, "अम्मा, लाल सितारा लगा है. ख़ाना ख़ाली नहीं छोड़ने देगा."

"काय काय आहे त्यात?"

"नौकरी, धंधा, खेती, गृहिणी."

"आणि गेलेल्यांसाठी?"

"वो नहीं है, अम्मा."

रेवा खाली मान घालून बोटं मोडत होती. त्या दिवशी सुहास रजा टाकून आला होता, दारात उभा होता. तिथूनच म्हणाला, "गृहिणी लिहा."

इक्बाल चाचरला, "साहब, मगर भाभीजी तो..."

"गृहिणीच होती ती. गेल्यावर काय नोकरी धरली असेल?"

आणि बाहेर जाऊन झेरॉक्सच्या मशीनकडे बघत राहिला. मशीन बंद होतं.

* * *

इंदूर लागलं! विजेचीच ब्रँच! बाकड्यावर शुक्लाजी ओरडले, "हमारी बिटिया का हो गया!" त्यांच्या मुलाचं त्या फेरीत काहीच लागलं नव्हतं, तरी पेढा त्यांनीच आणला. सुहास "वा!" म्हणाला. त्याच्या हिशोबाने ते भाषणच.

मला वाटलं, सुटलो. पण सीट लागणं म्हणजे नुसतं दार दिसणं हो! पुढे पोर्टलवर कागद चढवा, हॉस्टेलचा फॉर्म भरा, रॅगिंग करणार नाही म्हणून सही करा, तब्येतीचा दाखला आणा, आणि ठरल्या तारखेच्या आत सीट कन्फर्म करा. नाही केली तर ती आपोआप दुसऱ्याला.

तब्येतीच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण होती. रेवाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, छाती तपासली, सही केली. मी बाजूच्या स्टुलावर बसले होते. उठताना टेबलाच्या कोपऱ्याला धडकले. माझं ते रोजचंच.

डॉक्टरीण म्हणाली, "अम्मा, इधर बैठिए ज़रा."

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाली, राहिलेली सांभाळायची. दिवसातून तीनदा थेंब, सकाळी सात, दुपारी तीन, रात्री निजताना. एकही वेळ चुकवायची नाही, आणि हे जन्मभर.

आलो होतो एका सहीसाठी. दाखला रेवाला मिळाला आणि बाटली मला!

* * *

थेंब रेवा घालायची. मान मागे, पापणी खाली, टप! मला माझ्या हाताने जमत नाही, हात डोळ्याजवळ आला की डोळाच मिटतो. मग तिने बापाला शिकवायचं ठरवलं. ती गेल्यावर कोण घालणार?

सुहासने पहिला थेंब टाकला कपाळावर. दुसरा कानात.

रेवा खो-खो हसली. "बाबा, आजीची पूजा करताय का? गंध लावलंत!"

मीही हसले. त्याने बाटली पुन्हा धरली. तेव्हा पाहिलं, त्याचा हात थरथरत होता. संध्याच्या शेवटच्या दिवसांत तिला चमच्याने औषध हाच द्यायचा. तिसरा थेंब माझ्या गालावरून ओघळला. त्याने तो अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "बघू."

रेवाचं हसू तिथेच थांबलं.

त्यानंतर हॉस्टेलला न्यायच्या सामानाची यादी फ्रिजवरून गायब झाली. सतरंजी, कुलूप, बादली, सगळं त्यात लिहिलेलं होतं. तिच्या जागी एक चकचकीत पुस्तिका आली, भोपाळच्याच एका खाजगी कॉलेजची.

* * *

इक्बालचा फोन आला. "अम्मा, बच्ची कन्फर्मवाला प्रिंट लेने नहीं आई. मैंने देखा, सीट कन्फर्म ही नहीं हुई. कल शाम पाँच बजे तक है बस."

आम्ही तर धरून चाललो होतो, झालं म्हणून!

मी विचारलं. ती खोटं बोलली नाही, खोटं तिला येत नाही. गप्प राहायला येतं, बापाचं घेतलंय. म्हणाली, "आजी, हे कॉलेज बसने चाळीस मिनिटांवर आहे. दुपारच्या थेंबांपुरती मी येऊन जाईन."

"त्या कॉलेजात विजेचं शिकवतात?"

"नाही. पण काहीतरी शिकवतात."

"माझ्या डोळ्यासाठी तू सीट सोडणार?"

"डोळ्याचं नाही गं नुसतं," ती म्हणाली, "बाबांचा हात पाहिलास ना तू?"

मी रागावले, नको ते बोलले. म्हटलं, "आंधळी होऊन बसेन, पण तुझ्या गळ्यात पडणार नाही!" तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. सुहासला सुट्टी होती, आतल्या खोलीत होता. सगळं ऐकू जात होतं त्याला. बाहेर आला नाही.

तीन वाजले. रेवाने बाटली आणली, माझी मान मागे केली, थेंब घातले. डोळे मिटून बसले होते तेव्हा तिने झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आजी, पासवर्ड बदललाय. लक्षात ठेव."

मी म्हटलं, "आता कशाला? सीट सोडायलाही पासवर्ड लागतो का?"

"नाही. काहीच केलं नाही तर आपोआप जाते. उद्या पाचला."

"मग मला कशाला सांगतेस?"

"तुझ्या लक्षात राहतं म्हणून."

आणि तिने सांगितला. हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून. मग पुन्हा एकदा सांगितला.

मला आजवर कुणी काही दोनदा सांगितलेलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी जेवण झालं तशी ती मैत्रिणीकडे गेली. पोर्टलचा ओटीपी माझ्याच फोनवर येतो, कारण घरात नंबर न बदललेली मी एकटी. एरवी तो फोन कधी धड चार्ज नसतो. त्या दिवशी पूर्ण चार्ज करून माझ्या कापडी पिशवीत ठेवलेला होता, थेंबांच्या बाटलीशेजारी.

मी रिक्षा केली. जवाहर चौकात उतरताना पायरी दिसली नाही, रिक्षावाल्याने धरलं.

इक्बालच्या दुकानात गर्दी नव्हती. रेवा ज्या खुर्चीवर बसायची तिच्यावर मी बसले. म्हटलं, "सीट कन्फर्म करनी है."

त्याने पोर्टल उघडलं. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. काटे धुरकट दिसत होते. विचारलं, "किती वाजले?"

"तीन, अम्मा."

मी बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्याने आधी साबणाने हात धुतले. माझी मान मागे केली. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, पहिल्याच झटक्यात. "अब्बा को मैं ही डालता था," म्हणाला.

मी डोळे मिटून बसले. रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी गेली. कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरत होता. मग इक्बालने खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली केला.

"अम्मा, एक बात पूछूँ? आप यहाँ आई हैं, ये बच्ची को मालूम है?"

मी डोळे उघडले नाहीत.

"लिख," मी म्हटलं. "पहले खटिया. फिर बड़ा आर. फिर जलेबी..."