पॉप द क्वेश्चन

“प्रश्न कोणी फोडला, असं त्यांनी विचारलं,” वैशाली म्हणाली. “मी म्हटलं, आमच्या शाळेत कधीच पेपर फुटलेला नाही.”

मी नाशिकमध्ये कागदपत्रांचं भाषांतर करतो. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. वैशाली देवळ्याला शाळेत शिकवायची. नवरा इंग्लंडला. व्हिसाच्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, “हू पॉप्ड द क्वेश्चन?” तिच्या उत्तराने साहेब चक्रावले. लग्न कसं ठरलं हे बाईंना सांगता येत नाही, म्हणजे लग्नच खोटं, असा शेरा मारून अर्ज फेटाळला.

मी तिला अर्थ सांगितला. पॉप म्हणजे बूच उडावं तसं फट्कन होणं. पूर्वी इंग्रज लोक कुठलीही अवघड गोष्ट एकदम विचारून टाकली की ‘पॉप द क्वेश्चन’ म्हणत. पुढे तो वाक्प्रचार लग्नाच्या मागणीपुरताच उरला.

“म्हणजे लग्नाचं कोणी विचारलं, एवढंच?” तिने कपाळावर हात मारला.

पुन्हा अर्ज करायचा होता. सोबत खुलासा जोडायचा, तो इंग्रजीत मी लिहिणार होतो.

“लिहा साहेब, पोरानं फोनवर मागणी घातली,” तिचे वडील म्हणाले. ते कांद्याचे व्यापारी. “व्हिसाचा एजंट म्हणतो, तिकडं तसंच चालतं.”

“खरं काय झालं?”

“त्याच्या मामानं मला मार्केटात विचारलं. मी हो म्हटलं.”

“आणि हिला?”

“हिला काय विचारायचं? आमच्यात तसं नाय.”

हेच लिहिलं तर जबरदस्तीचं लग्न वाटणार. फोनचं खोटं लिहिलं तर ती पुढच्या इंटरव्ह्यूत अडकणार. माझं पेन थांबलं.

“मी विचारलं होतं,” वैशाली हळूच म्हणाली.

वडील वळून बघायला लागले. “कधी?”

“बघायला आले तेव्हा. तुम्ही मामांना गाडीपर्यंत सोडायला गेला होतात. मी यांना म्हटलं, तिकडे मला नोकरी करू द्याल? तरच मी तयार आहे. ते म्हणाले, मला तशीच बायको हवी.”

“आन् मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंच नाही, अण्णा.”

अण्णांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग मला म्हणाले, “तेच लिहा.”

मी तिचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. दुसऱ्या इंटरव्ह्यूत तोच प्रश्न आला. “आय डिड,” ती म्हणाली. व्हिसा मिळाला.

तेव्हापासून लग्नाचे कागद आले की मी आधी मुलीला बोलतं करतो. वडिलांना निम्मीच हकीकत माहीत असते.