पट्टी सरकवली, गल्ली पिवळी

त्या भिंतीचा मला अजूनही राग येतो. भिंत म्हणजे पाण्याचं काम घेतलेल्या कंत्राटदाराच्या कंट्रोल रूममधली स्क्रीन, सिनेमाच्या पडद्याएवढी. तिच्यावर सुरतचा नकाशा. तक्रारी जास्त तिथे लाल, थोड्या तिथे पिवळा, नाहीत तिथे हिरवा. बोट लावलं की गल्लीन् गल्ली मोठी होऊन समोर येते. मी तिथे ऑपरेटर. लाल दिसलं की दुरुस्तीची माणसं आधी तिकडे पाठवायची, असा नियम.

आमची वस्ती गोडादरा, ती कायम हिरवीगार! आणि घरी नळाला गटाराचा वास. भावाच्या पोरीला कावीळ झालेली, एवढंसं लेकरू, पेजसुद्धा पोटात ठरेना. मग हिरवं कसं? आमच्या खान्देशी बायका ॲपवर तक्रार करतच नाहीत. घाण पाण्याचा हंडा उचलायचा, चौघींनी मिळून ऑफिसात जायचं, टेबलावर आदळायचा आणि कचाकचा भांडून यायचं. हंडा काही नकाशावर उमटत नाही.

रविवारी मी दारोदार फिरले. शेजारची मावशी म्हणाली, "मोबाईलमा पाणीना वास जास का वं माय?" कपाळ माझं! तरी एकेकीच्या फोनवरून तक्रार घातली. सोमवारी गल्ली लालभडक झाली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. माणसांना निरोप धाडणार, तेवढ्यात साहेब आले. भिंत बघायला बाहेरगावचे पाहुणे यायचे होते.

"आ लाल केम छे, बेन? पाहुण्यांसमोर बरं दिसतं का? लालची मर्यादा जरा वर घ्या."

"साहेब, आधी पाइप बघा ना. घरात पोर आजारी आहे."

"पाइप पछी जोईशुं, नंतर."

मी हात मागे घेतला. माझ्याच्याने होईना. मग साहेबांनी स्वतः बोट लावून स्क्रीनच्या कडेची मर्यादेची पट्टी वर सरकवली आणि गल्ली पिवळी झाली. माणसं जायची राहिली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. लाज कशी वाटत नाही या लोकांना!

पाहुणे आले, वाहवा सुरू झाली. एकाने नेमकं आमच्या गल्लीवर बोट ठेवलं, ती भिंतभर पसरली.

"इथे पिवळं का?" त्याने विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

"साहेबांनी केलं म्हणून," मी म्हणाले. "माझ्या भाचीचे डोळेही पिवळे झालेत, तिथल्याच पाण्याने. ते कुठली पट्टी सरकवली की पांढरे होतील, तेवढं विचारा त्यांना."