नववी कन्या

पत्नी गेल्यानंतर नवरात्रातले कन्यापूजन मी मोडले नाही, एवढेच. श्रद्धा उरली होती असे म्हणवत नाही. नऊ मुलींचे पाय धुवायचे, कुंकू लावायचे, जेवू घालायचे. नेम होता, तो पाळत होतो.

त्या अष्टमीला आठच मुली आल्या. नववी तापाने पडली होती. सून म्हणाली, "मामाजी, आपली आहे न घरात." नात अडीच वर्षांची. पावसाळ्यात तिला जुलाब झाले, तेव्हापासून तिला भाताची पातळ पेजच द्यायची, हा माझा हुकूम होता. सुनेने मध्ये दोनदा विचारले होते, "आता तिले वरण देऊ का?" डाळ जड पडते, असे सांगून मी विषय संपवला. पोर गुबगुबीत दिसत होती. केस तांबूस, विरळ झाले, ते उन्हाने, असे मीच ठरवले. ती खेळत नसे. बसवावे तिथे बसून राही. त्याला मी गुणीपणा म्हणत असे.

तिचे पाय धुतले, पुसले आणि पावलावर अंगठ्याने कुंकू टेकवले. अंगठा उचलला, तर तिथे खळगा पडला होता. तो भरून येईना.

एका मुलीला घेऊन तिची मावशी आली होती. पारशिवनीकडे अंगणवाडीत काम करणारी, दोन दिवसांची पाहुणी. मी तिला पूर्वी कधी पाहिले नव्हते. तिने जवळ येऊन दुसरे पाऊल दाबले. तिथेही तसेच. पोर काय खाते, असे तिने विचारले. मी पेज सांगितली. अभिमानानेच सांगितली असावी.

ती म्हणाली, "हे बाळसं नाही जी, सूज आहे. पोट भरून राहिलं, पण अंगाले काही भेटून नाही राहिलं. मुलींले मी वाढतो. तुम्ही हिले आत्ताच दवाखान्यात न्या."

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तेच सांगितले. आणखी उशीर जिवावर बेतला असता. मोजून, थोडेथोडे दूध सुरू झाले. सूज उतरली, तेव्हा खरी नात दिसली: नुसत्या बरगड्या. ते सोसायला जड गेले.

यंदा ती पाटावर स्थिर बसेना. ताम्हणातले पाणी तिने माझ्या धोतरावर उडवले. पावलावर अंगठा टेकवला. कातडी लगेच वर आली.

देवी आली होती का, मला सांगता येणार नाही. वाकलो नसतो तर दिसले नसते, इतके मात्र खरे. घरात कोणी काय खावे, हे आता सून ठरवते. मी बाहेरून आठच मुली बोलावतो.