विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा

देवासच्या कचेरीबाहेर मी अर्ज टाइप करतो. आत दाखल्यांच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाबूंना रोज भेटतो, पण त्यांचं नाव कधी विचारलं नाही. त्यांच्या खणात सुपारीच्या डबीशेजारी इंग्रजी शब्दकोश असतो. दाखला देण्याआधी ते एक शब्द देतात.

"भिया, विंडो मूळचा काय, मालूम? युरोपात पार उत्तरेकडचे लोक म्हणायचे, वाऱ्याचा डोळा. काच होती कुठे तेव्हा? भिंतीला भोक. वारा आत यायचा, माणूस बाहेर बघायचा."

मी मान डोलवायचो आणि दाखला मागायचो.

गेल्या महिन्यात खिडकीला जाड काच बसली. खाली, कंबरेच्या उंचीवर, हात जाईल एवढं भोक. उदयनगरहून आलेली एक म्हातारी बराच वेळ काचेशीच बोलत राहिली. आत काही ऐकूच जाईना.

दुसऱ्या दिवशी बघतो तर बाबूंची खुर्ची भिंतीला लावलेली. स्वतः घरून आणलेल्या लाकडी पाटावर बसलेले, चेहरा बरोबर भोकासमोर.

"गुडघे धरतील, काका," मी वाकून म्हणालो.

"धरलेच आहेत. पण नुसता वारा आत येऊन काय फायदा, भिया? डोळा पण पाहिजे ना."