सोसायटीच्या गोदामाचा स्लॅब

बायडाबाईचं बांधकामावर एकच काम असायचं, पाणी मारायचं. नेकनूरच्या आसपास वीस वर्षांत उठलेल्या कितीतरी इमारतींच्या ओल्या स्लॅबवर तिनं मातीची आळी बांधून पाणी साठवलं होतं.

दोन हजार तेराच्या दुष्काळात गावच्या सोसायटीनं खताचं गोदाम बांधायला काढलं. ठेकेदार बबनराव हा चेअरमनचा मेहुणा. ओढ्यातली मातकट वाळू आली. मुठीत दाबली की तिचा लाडू व्हायचा. सिमेंटच्या गोण्यांत खडे झालेले. बायडाबाईनं हे गवंडी त्रिंबकच्या कानावर घातलं. तो खाली बघत म्हणाला, "मावशी, आपल्याला कोण इचारतंय?"

स्लॅब टाकल्यावर त्याला तीन आठवडे पाणी द्यायचं होतं. त्यासाठी दिवसाआड टँकर यायचा. गावाला मात्र आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. एकदा तिची जाऊ सरस्वतीबाई बाळंतीण लेकीसाठी घागर घेऊन आली. बायडाबाईनं स्लॅबवरची नळी खाली सोडली. मग बाकीच्या बायाही येऊ लागल्या आणि निम्मं पाणी घागरींत जाऊ लागलं. पाण्यावाचून स्लॅब पांढरा पडत चाललेला तिला दिसत होता.

बबनरावनं स्लॅबखालचं सेंट्रिंग, सगळे टेकू आणि फळ्या, घाईनं काढलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी स्लॅब खाली आला. आत गिलावा करणारा त्रिंबक जागीच गेला.

चौकशीला साहेब आले, तेव्हा गावात कुणी तोंड उघडलं नाही. बायडाबाई उठली. तिनं वाळूचं सांगितलं, सिमेंटचं सांगितलं आणि पाण्याचंही सांगितलं.

"म्हणजे पाणी तुम्ही दिलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"लोकांला दिलं, साहेब. स्लॅबला कमी पडलं. पर वाळू..."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. वाळूचा नमुना कुणी उचलला नाही. दुसऱ्याच दिवशी बबनरावनं सगळा मलबा ट्रॅक्टरनं हलवला. अहवालात कारण आलं, पाणी मारण्यात हयगय. गोदाम पुन्हा बबनरावलाच बांधायला मिळालं.

बायडाबाई त्रिंबकच्या घरी गेली. त्याची बायको विमलबाई शांतपणे म्हणाली, "तुमाला समदं ठावं व्हतं. मंग त्यांला आत काहून जाऊ दिलं?"

बायडाबाई उंबऱ्यापाशी बसून राहिली. विमलबाईनं तिला ऊठ म्हटलं नाही की आत ये म्हटलं नाही.

त्यानंतर तिला कुठल्याच बांधकामावर कुणी बोलावलं नाही. दिवाळी झाल्यावर ती माजलगावकडं ऊसतोडीला निघून गेली.