रिकाम्या सॉकेटमधला सिग्नल

सुरुवातीलाच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. गारखेड्यातलं आमचं घर दक्षिणमुखी म्हणून कोणी घेत नव्हतं, ते मी आनंदानं घेतलं. बारा वर्षं झाली, कुणाला साधी ठेचही लागलेली नाही. तेव्हा हे वाचून ग्रुपवर कोणी मला शांतीबिंती सुचवू नये...

माझा धंदा कारखान्यांतल्या क्रेनचे वायरलेस रिमोट दुरुस्त करण्याचा. दोन वर्षांपूर्वी मोबाईलएवढा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर मागवला. हवेत कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे, ते हे यंत्र स्क्रीनवर दाखवतं. सिग्नल नसेल तिथं तळाशी गवतासारखी रेषा थरथरत राहते, असेल तिथं सुळका उभा राहतो. तो कोणी पाठवला, हे मात्र कळत नाही. मॅन्युअलची चार पानं वाचली, दोन व्हिडिओ पाहिले आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन कामावर निघालो.

पहिलंच काम करमाडच्या पुढं, एका कास्टिंगच्या कारखान्यात. तिथली क्रेन माल उचलून नेताना मध्येच थांबायची, तीही बहुतेक वेळा तिसऱ्या खांबापाशी. क्रेन चालवायला खलीलभाई, सव्वीस वर्षांची नोकरी. सुपरवायझरचं म्हणणं, यांचं वय झालं, यांचाच अंगठा स्टॉपच्या बटणावर पडतो. बाहेरचं काही कारण निघालं नाही तर त्यांना घरी बसवायचं ठरलं होतं.

"साहेब, मी त्या बटणाला हात लावत नाय," खलीलभाई म्हणाले. "खुदा कसम. पण माझं कोण ऐकायलंय? आता तुमच्या मशीनीत दिसलं तर दिसलं."

मी अँटेना लावली, क्रेनचा रिमोट ज्यावर चालतो तो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा निवडला. नुसतं गवत. क्रेन चालू होती तरी रिमोटचा स्वतःचा सुळकाही दिसेना. रिमोट लांब असेल म्हणून सोडून दिलं — खरं तर इथंच शंका यायला हवी होती. मग तिसऱ्या खांबापाशी क्रेन थांबली आणि त्याच क्षणी स्क्रीनवर एक सुळका थेट वरच्या काठाला टेकला. खलीलभाई माझ्यापासून वीसेक फुटांवर होते. त्यांनी लगेच दोन्ही अंगठे बटणांवरून उचलून मला दाखवले. क्रेन पुन्हा हलली, तसा सुळका गेला. अर्ध्या तासात असं दोनदा झालं. मी स्क्रीन सेव्ह केली, हातातल्या यंत्राचा फोटोही काढला आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवला: बाहेरचा सिग्नल घुसतोय, चालकाचा दोष नाही. खलीलभाईंची नोकरी राहिली.

चार दिवसांनी मॅन्युअलचं पाचवं पान वाचलं. यंत्राला दोन सॉकेट असतात, एक कमी फ्रिक्वेन्सीसाठी, दुसरं जास्तीच्या. ४३३ साठी दुसरं. फोटो मोठा करून पाहिला. अँटेना पहिल्यात होती. ज्यातून यंत्र ऐकत होतं, ते सॉकेट रिकामं...

मॅन्युअल पुन्हा पहिल्या पानापासून वाचून काढलं.

घरी अँटेना तशीच चुकीची लावून पाहिलं. दुसरा एक रिमोट वीस फुटांवर धरला तर नुसतं गवत. यंत्राला चिकटवला तेव्हा कुठं नखाएवढा उंचवटा आला. यंत्राच्या आतले खोटे सुळकेही असतात म्हणतात, तेही तपासले. त्या जागी एकही नव्हता. मग कारखान्यात जाऊन, अँटेना नीट लावून दिवसभर बसलो. रिमोटचा सुळका तेवढा दिसला, दुसरं काही नाही. क्रेनही थांबली नाही. त्यानंतर आजवर थांबलेली नाही.

रिपोर्ट मी मागं घेतला नाही. पण मन खात होतं. खलीलभाई मुकुंदवाडीला राहतात. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं, म्हणजे आपण मोकळे.

त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं. "रिपोर्ट वापस घेणार व्हय?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगितलं?" त्यांनी आवाज चढवला नाही. "लोकं काय बी म्हणायची, पण मला पक्कं ठाऊक होतं, बटण मी दाबलं नाय. मशीनीत दिसलं तवा तर लई बरं वाटलं. आता तुम्ही म्हणता ती मशीन बहिरी होती. आता माझाच माझ्या हातावर भरोसा राहीना."

मी कप खाली ठेवला आणि उठलो.

ते अजून तीच क्रेन चालवतात. सुपरवायझर आता काही बोलत नाही. मधे एकदा कामानिमित्त गेलो तेव्हा पाहिलं, ते वर मालाकडं कमी आणि खाली स्वतःच्या अंगठ्याकडंच जास्त बघत होते.

तो सुळका कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. ग्रुपवर या विषयातले जाणकार असतील तर त्यांनी जरूर लिहावं. मला नाही कळलं तरी चालेल, खलीलभाईंना जाऊन सांगायचंय.