शुक्रवारच्या सीड्या

माझी आत्या कृत्रिम पाय बनवणाऱ्या कार्यशाळेत नोंदी ठेवायची. कार्यशाळा म्हणजे काय, तर तीन खोल्या आणि एक लांब व्हरांडा. पहिल्या खोलीत डॉक्टर, दुसरीत प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत माखलेले मिस्त्री आणि तिसरीत आत्या, एक संगणक आणि एक लोखंडी कपाट. व्हरांड्याच्या भिंतीला तयार पाय टांगलेले असत. बाकावर बसलेले पेशंट त्यांच्याकडे बघत बसत, दुकानात कपडे बघावेत तसे.

मिस्त्री माप घेत आणि दारातूनच मोठ्याने सांगत. गुडघ्याखाली एवढं, पोटरीचा घेर एवढा, हाडापाशी अमुक मिलिमीटर मोकळं सोडायचं. आत्या टाइप करी आणि आकडा परत वाचून दाखवी. मिस्त्रींनी "हं" म्हटल्याशिवाय ती पुढचा आकडा घेत नसे. "मिलिमीटर इकडचा तिकडे झाला ना, तर माणूस आयुष्यभर आपल्या नावाने बोटं मोडतो," असं ती म्हणायची. अंदाज हा शब्द तिला शिवीसारखा वाटायचा. घरीसुद्धा. पाहुणे किती येणार असं विचारलं आणि आम्ही "पाच-सहा" म्हटलं, की ती विचारी, "पाच की सहा?"

दर शुक्रवारी साडेचारला ती बॅकअप घेई. संगणक बसवून देणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : ही खिडकी उघडायची, पहिलं बटण दाबायचं, कोरी सीडी घालायची, मशीन सांगेल तेव्हा काढायची. तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि अकरा वर्षांत त्यातली एक पायरी गाळली नाही. सीडीवर जाड पेनाने तारीख घालायची, पाकिटात सरकवून कपाटात ठेवायची. मिस्त्री तिला शुक्रवारबाई म्हणत. चार वाजून वीस मिनिटांनी दारात उभे राहून विचारत, "काय शुक्रवारबाई, भाजायला टाकली का आजची सीडी?" ती वर न बघता म्हणे, "तुमचा पाय मोडला की कळेल किंमत."

पूर्वी मापांची कार्डं होती, जाड पुठ्ठ्याची, तिच्या खोलीच्या दोन भिंती भरून. सहाव्या वर्षी आत्यानेच डॉक्टरांकडे विषय काढला. संगणकात सगळं चढवून झालंय, वर सीड्याही आहेत, मग हा कागद कशाला? वाळवीची सोय करून ठेवायची का? डॉक्टरांनी दोन वेळा विचारलं, "नक्की ना, बाई?" ती म्हणाली, "माझ्या जबाबदारीवर." कार्डं रद्दीत गेली. रिकाम्या भिंतीपाशी पेशंटसाठी खुर्च्या आल्या.

तिच्या निवृत्तीला दोन महिने राहिले असताना एका सोमवारी संगणकातून दळण दळल्यासारखा आवाज यायला लागला आणि दुपारी तो बंद पडला. हार्ड डिस्क गेली होती. ती बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथून आठवड्याने उत्तर आलं की आतल्या पृष्ठभागावर चरे पडलेत, काही निघणार नाही. कुणाच्या तोंडचं पाणी पळालं नाही. डॉक्टर म्हणाले, "बाई आहेत ना." त्या दिवशी आत्या घरी आली ती नेहमीपेक्षा ताठ चालत.

दुरुस्तीवाला नवीन हार्ड डिस्क घेऊन आला. पस्तिशीचा, हळू बोलणारा माणूस. आत्याने सगळ्यात अलीकडच्या शुक्रवारची सीडी काढून पदराने पुसून दिली. सीडी चालली, निळा पडदा आला, आणि त्यावर ओळ उमटली : हार्ड डिस्क सापडली नाही.

त्याने केबल काढून घातली. दुसरी केबल लावली, दुसऱ्या खाचेत लावली. सापडली नाही. आधीच्या शुक्रवारची सीडी घातली, तीच ओळ. दारात मिस्त्री येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा. एवढी समोर ठेवलीय, तरी हिला दिसत नाही?"

मग दुरुस्तीवाल्याने संगणकाच्या मूळ सेटिंगचा पडदा उघडला. तिथे नव्या हार्ड डिस्कचं नाव ठळक दिसत होतं. तो म्हणाला, म्हणजे मशीनला दिसतेय, सीडीलाच दिसत नाही. सीडीवरचा प्रोग्रॅम अकरा वर्षांपूर्वीचा. आताच्या हार्ड डिस्क ज्या पद्धतीने बोलतात ती त्या काळी नव्हतीच, त्यामुळे ही तिला ओळखच दाखवत नाही, सासू नव्या सुनेला दाखवत नाही तशी. यावर उपाय एवढाच, की सुनेलाच जुन्या पद्धतीने बोलायला लावायचं. त्याने सेटिंगमध्ये एक ओळ बदलली आणि संगणक पुन्हा सुरू केला.

सापडली. मिस्त्रींनी दारातून टाळी वाजवली, त्यांच्या हातांतून धूळ उडाली. आत्या हसली आणि खुर्चीवर बसली. इतका वेळ ती उभी होती हे तिलाही कळलं नव्हतं.

पुढचा पडदा आला. कोणता बॅकअप परत आणायचा ते निवडा. खाली चौकट होती आणि चौकट रिकामी होती.

दुरुस्तीवाल्याने विचारलं, "ताई, ही नुसती मशीन सुरू करायची सीडी झाली. माहितीची सीडी कुठाय?"

"हीच."

"ही नाही. हिच्याबरोबरची दुसरी."

"दुसरी नाही. दर शुक्रवारी एकच निघते."

त्याने कपाटातून एकेका वर्षाची एकेक सीडी मागून घेतली. अकरा सीड्या खिडकीपाशी नेऊन उलट्या मांडल्या, चकचकीत बाजू वर. मग आत्याला जवळ बोलावलं. मधल्या भोकाभोवती एक काळसर वर्तुळ होतं, बोटभर रुंद. बाकी सगळी सीडी कोरी, आरशासारखी. त्याने समजावलं की जेवढं लिहिलं जातं तेवढाच भाग काळा पडतो. अकराही सीड्यांवर वर्तुळ तेवढंच होतं, बोटभर.

"पहिल्या वर्षी पेशंट किती होते, ताई?"

"एकशे चाळीस."

"आणि आता?"

अडीच हजारांच्या वर होते. पेशंट वाढत गेले होते, वर्तुळ वाढलं नव्हतं.

त्या खिडकीत पहिलं बटण होतं मशीन सुरू करायची सीडी बनवण्याचं, जी एकदाच बनवायची असते. माहिती साठवण्याचं बटण त्याच्या खाली होतं. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी पहिलं दाबून दाखवलं, "असंच करायचं" म्हणाला आणि गेला. आत्याने तसंच केलं. पावणेसहाशे वेळा पालथ्या घड्यावर पाणी. परत आणून बघायची वेळ कधी आलीच नाही, म्हणून कुणी बघितलं नाही.

नंतर एकदा भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "मला ते वर्तुळ दर शुक्रवारी दिसायचं गं. मला वाटायचं, किती एकसारखं काम होतंय आपलं."

मिस्त्री केव्हाच दारातून निघून गेले होते. दुरुस्तीवाल्याने सीड्या गोळा केल्या, नीट तारखेने लावल्या. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, जुन्या सीड्या दमट हवेने खराब होतात. खरंच होतात. मी तसं लिहून देतो. कुणी उघडून बघणार नाही."

त्याने मनापासून म्हटलं होतं, हे तिने मला दोनदा सांगितलं. मग तिने त्याच्या हातातून सीड्या घेतल्या आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. समोर पेशंट बसला होता, तरी ती थांबली नाही. थांबले असते तर गेलेच नसते, म्हणाली.

"डॉक्टर, या सीड्यांत काही नाही. पहिल्यापासून नव्हतं. चुकीचं बटण मी दाबत होते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि कार्डं?"

"मीच काढायला लावली."

"हं," डॉक्टर म्हणाले. चष्मा पुन्हा घातला आणि पेशंटकडे वळले.

ती शिव्या ऐकायच्या तयारीने गेली होती. त्या "हं"ला काय करायचं ते तिला कळेना. तिला कोणी काही बोललं नाही. पुढच्या शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी मिस्त्री दारात आले नाहीत. त्याचं तिला सगळ्यात जास्त लागलं.

उरलेले सात आठवडे तिने पेशंटना फोन करण्यात घालवले. भेटींच्या डायरीत गेल्या दोन वर्षांचेच नंबर होते. कुणाचा नंबर बंद, कुणी गाव सोडलेलं. एका घरी फोन उचलणारी मुलगी म्हणाली, बाबा जाऊन वर्ष झालं, पाय परत द्यायचा आहे का? आत्याने नको म्हटलं आणि डायरीत त्या नावावर रेघ मारली. जे आले त्यांची मापं मिस्त्रींनी नव्याने घेतली, तिने नव्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहिली. पण कुणाचं हाड कुठे टोचायचं, पहिल्या वर्षात मांडी किती आटली, काय करून पाहिलं आणि काय चाललं नाही, ते सगळं गेलं होतं. त्यातलं बरंचसं तिला पाठ होतं. मिस्त्री म्हणालेही, आठवतंय तेवढं तरी लिहा, बाई. ती म्हणाली, "आठवणीवर पाय बनवायचा नसतो."

शेवटच्या आठवड्यात एक रंगारी आला. त्याचा एक पाय शिडीवरून पडून गेला होता, नऊ वर्षांपूर्वी. दुसरा गेल्या वर्षी साखरेने नेला. दुसरा पाय होता तेव्हा त्याचं माप घेतलेलं होतं, कारण त्याच्या बरोबरीने पहिला कृत्रिम पाय केला होता. तो कृत्रिम पाय दुसऱ्या ऑपरेशननंतर मोडून त्याचे भाग वापरले होते. माप संगणकात होतंच, म्हणून कुणी काळजी केली नव्हती; आता तेही गेलं होतं. आता आठ महिने सरावाच्या बुटक्या पायांवर तो तोल सांभाळायला शिकला होता, आणि मिस्त्री त्याला पूर्ण उंचीचे पाय करणार होते.

"उंची किती होती?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुणी मोजलीय?" रंगारी म्हणाला. "जरा जास्तच करा. जन्मभर शिडी घ्यावी लागली."

कुणी हसलं नाही. जास्त केली तर तो पडणार, कमी केली तर कंबर धरणार. रंगाऱ्याची बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठली. ती म्हणाली, हे शेजारी उभे राहिले की माझा कान यांच्या खांद्याला लागायचा.

आत्याने टेप घेतली. "चपला घालून की काढून?"

बाईने विचार केला. "काढून. ओट्यापाशी उभे असायचो ना."

तिने चपला काढल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आत्याने फरशीपासून कानापर्यंत मोजलं. रंगाऱ्याला स्टुलावर बसवून मिस्त्रींनी बैठकीपासून खांद्यापर्यंत मोजलं. पहिल्यातून दुसरं वजा केलं, उरली ती पायांची उंची. बाई टेप गुंडाळणाऱ्या आत्याकडे बघत म्हणाली, "पण ताई, मीपण आता तेवढी राहिले नाही. वाकलेय थोडी."

"किती?" आत्याच्या तोंडून गेलं.

बाईने खांदे उडवले.

आत्याने कार्डावर आकडा लिहिला. मग आकड्याच्या पुढे लिहिलं, अंदाजे. मिस्त्रींनी कार्ड हातात घेतलं, आकडा वाचला, पुढचा शब्द वाचला, आणि तिच्याकडे न बघता प्लास्टरच्या खोलीत गेले.